पालक गटाचे उद्दिष्टपत्र कसे लिहावे? सल्ला हवा आहे

धागाकर्ती (मुंबई, मध्य उपनगर)

नमस्कार. माझी मुलगी एका अनुदानित मराठी माध्यमाच्या शाळेत, सहावीच्या सेमी-इंग्रजी तुकडीत शिकते. आमच्या शाळेतील पालकांचा एक स्वयंस्फूर्त गट गेली तीन वर्षे काम करीत आहे. सुरुवात व्हॉट्सॲपवरील निरोपांपासून झाली आणि पुढे वर्गवाचनालय, जुन्या गणवेशांची देवाणघेवाण, पाण्याच्या टाकीच्या सफाईचा पाठपुरावा अशी कामे त्यातून उभी राहिली. गटाचा हेतू एका पानावर लिहून दिल्यास जूनमध्ये नव्या पालकांच्या हाती तो देता येईल, असे मुख्याध्यापकांनी यंदा सुचविले. त्यासाठी पाच जणांची समिती नेमली गेली. चित्रकलेच्या वर्गात, मुलांच्या बाकांवर गुडघे दुमडून आम्ही तीन शनिवार बसलो आणि पुढील वाक्य तयार झाले:

"विद्यार्थ्यांच्या सर्वांगीण विकासासाठी पालक, शिक्षक व व्यवस्थापन यांच्यात सुसंवाद साधून गुणवत्तापूर्ण, मूल्याधिष्ठित व आनंददायी शिक्षणाचे वातावरण निर्माण करण्यास आम्ही कटिबद्ध आहोत."

सभेत हे वाचून दाखविल्यावर कोणीही हरकत घेतली नाही, फक्त मागच्या बाकावरील एका आजोबांनी शांतपणे विचारले, "म्हणजे तुम्ही नक्की करणार काय?" आमच्यापैकी कोणालाच उत्तर देता आले नाही. असा मजकूर किती लांब असावा, त्याची सुरुवात कोठून करावी आणि गटाचे नियमही त्यातच घालावेत का, याविषयी अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद: एक पालक, बोरिवली

आमच्या गटाने दोन वर्षांपूर्वी हेच काम केले आणि पहिल्या दोन बैठका अशाच शब्दांवर खर्ची घातल्या. तिसऱ्या बैठकीत एका आईने इतिवृत्ताची वही पुढ्यात ओढली आणि फळ्यावर मधोमध उभी रेघ मारून डावीकडे गटाने आजवर केलेली कामे, तर उजवीकडे गटाने नाकारलेली कामे लिहायला घेतली. डावी बाजू सर्वांना ठाऊकच होती. खरी चर्चा उजव्या बाजूवर झाली, कारण नकार देताना आम्ही प्रत्येक वेळी काही ना काही ठरविले होते, मात्र ते कोठेही लिहिलेले नव्हते. एका खाजगी शिकवणीवर्गाला पालकांच्या दूरध्वनी क्रमांकांची यादी हवी होती, ती आम्ही दिली नव्हती. एका वडिलांना मुलाच्या गुणांवरून एका शिक्षिकेविरुद्ध गटाच्या नावाने पत्र हवे होते, तेही दिले नव्हते. शिक्षकदिनाच्या भेटवस्तूसाठी सक्तीची वर्गणी काढावी ही सूचना मात्र फेटाळली गेली की पुढे ढकलली गेली, यावर त्या दिवशीही एकमत झाले नाही.

त्या फळ्यावरून मजकूर उतरवायला पाऊण तास पुरला. माझा सल्ला असा की आदर्शांपासून सुरुवात न करता वहीपासून करावी आणि आपण काय करीत नाही, हेही किमान एका वाक्यात लिहावे. नव्या पालकाला त्या एका वाक्यावरून गटाची जितकी ओळख होते तितकी उरलेल्या पानावरून होत नाही.

प्रतिसाद: गिरगाव

"कटिबद्ध" आणि "सर्वांगीण" हे दोन शब्द आधी काढून टाका. ते दुसऱ्या कोणत्याही शाळेच्या, किंबहुना एखाद्या सहकारी पतपेढीच्या फलकावरही तितकेच शोभून दिसतील.

प्रतिसाद: निवृत्त मुख्याध्यापिका, विलेपार्ले

आपला गट म्हणजे नेमके कोण, हे आधी स्पष्ट करावे, कारण पालकांच्या मनात तीन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ झालेली असते. शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 21 नुसार स्थापन होणाऱ्या शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. शाळा विकास आराखडा तयार करण्याचे कामही याच समितीकडे असते. आपली शाळा अनुदानित असल्यामुळे 2012 च्या दुरुस्तीनंतर तेथील समितीची भूमिका सल्लागाराची आहे. पालक-शिक्षक संघ हा दुसरा प्रकार असून, खाजगी विनाअनुदानित शाळांमध्ये राज्याच्या 2011 च्या शुल्क विनियमन कायद्यामुळे त्याच्या कार्यकारी समितीला शुल्काच्या प्रस्तावावर निर्णय घ्यावा लागतो. आपला स्वयंस्फूर्त गट या दोहोंपैकी कोणताही नाही आणि त्यात कमीपणा काहीच नाही. मात्र मजकुरात "शाळेच्या कारभारावर देखरेख" असे काही लिहिले गेले, तर जे काम समितीचे आहे त्यावर गटाने हक्क सांगितल्यासारखे होईल आणि पहिल्याच मतभेदात ते वाक्य आपल्यापुढे ठेवले जाईल.

शब्दांबाबत एक सुचविते. बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांत संविधानाची उद्देशिका छापलेली असते. ती मुलांसोबत एकदा पुन्हा वाचावी. तिची सुरुवात "आम्ही" या शब्दाने होते आणि लगेचच ते "आम्ही" कोण, हे सांगितले जाते. आपल्या मसुद्यात मात्र "आम्ही" अगदी शेवटी, क्रियापदाला टेकून आलेले आहे.

प्रतिसाद: एक आई, डोंबिवलीहून मुंबईत नोकरीस

याच "आम्ही"विषयी मला थोडे कडवट बोलायचे आहे. माझ्या मुलाच्या शाळेतील गटाचे पत्रक मोठ्या उत्साहाने "सर्व पालकांचे व्यासपीठ" असे म्हणते, पण सभा कामाच्या दिवशी दुपारी तीन वाजता ठेवली जाते. त्या वेळी मी फोर्टमधील कार्यालयात असते आणि मुलाला शाळेतून आणण्याचे काम सासूबाई करतात. त्यांना सभेत बसू दिले जाते, पण त्यांचे मत विचारले जात नाही. मजकूर लिहिताना मुलाला प्रत्यक्ष सांभाळणारी माणसे त्यात धरली आहेत का, हे पाहावे. आणि धरली असतील तर सभेची वेळही त्याप्रमाणे बदलावी.

प्रतिसाद: सनदी लेखापाल, घाटकोपर

वर सर्वांनी नेमकेपणाचा आग्रह धरला आहे, त्याला एक अपवाद सांगतो. उद्या गटाच्या नावाने बँकेत खाते उघडून देणग्या घेण्याचा विचार असेल, तर किमान सात जणांनी मिळून संस्था नोंदणी अधिनियम 1860 खाली नोंदणी करण्याचा मार्ग आहे. त्यासाठी धर्मादाय आयुक्तांच्या वरळी येथील कार्यालयाशी संबंध येतो. त्या कागदपत्रांतील उद्देश मुद्दाम व्यापक लिहितात, कारण पुढे ते बदलायचे झाल्यास कलम 12 प्रमाणे विशेष सभेत तीन-पंचमांश मते मिळवावी लागतात आणि महिनाभराच्या अंतराने दुसऱ्या सभेत पुन्हा तितक्याच मतांनी शिक्कामोर्तब करून घ्यावे लागते. म्हणजे नोंदणीसाठीचा उद्देश आणि नव्या पालकांच्या हाती द्यायचे पान हे दोन वेगळे कागद आहेत. एकाचा मजकूर दुसऱ्यात उतरवू नये. नियम, पदाधिकारी, सभेची गणसंख्या हे सारे तिसऱ्या कागदावर जावे. पैसे घेणार नसाल तर यातले काहीही लागत नाही, पण मग "आम्ही वर्गणी घेत नाही" हे पहिल्या पानावरच लिहून टाकावे. मुंबईत त्या वाक्यामुळे पालकांच्या निम्म्या शंका मिटतात.

धागाकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. काल वही काढून बसलो. डावीकडे अकरा कामे निघाली, उजवीकडे चार. नवा मसुदा असा आहे:

"आम्ही या शाळेतील मुलांचे आईवडील, आजी-आजोबा आणि त्यांना सांभाळणारे नातेवाईक आहोत. आम्ही वर्गवाचनालय चालवितो, वापरता येण्याजोगे गणवेश व पुस्तके गरजू मुलांपर्यंत पोहोचवितो आणि पाणी, स्वच्छतागृहे व शाळेसमोरील रस्ता यांविषयीच्या अडचणी शाळा व्यवस्थापन समितीला लेखी कळवितो. आम्ही वर्गणी घेत नाही, पालकांची माहिती कोणालाही देत नाही आणि शिक्षकांविषयीच्या वैयक्तिक तक्रारी गटात घेत नाही."

प्रतिसाद: निवृत्त मुख्याध्यापिका, विलेपार्ले

हे आता आपल्या गटाचे झाले. दोन उणिवा दिसतात. वैयक्तिक तक्रार गटात घेत नाही, एवढे म्हणून थांबल्यास पालकाला दार बंद झाल्यासारखे वाटेल. ती कोणाकडे न्यावी, हे अर्ध्या ओळीत सांगावे. तसेच समितीला अडचण कळविल्यावर आलेले उत्तर पालकांपर्यंत कोण पोहोचविणार, याचा उल्लेख नाही. माझ्या सेवाकाळात पालकांचा राग अडचणीपेक्षा या मौनावर अधिक असे.

धागाकर्ती

दोन्ही भर घातल्या आहेत: "वर्गशिक्षक वा मुख्याध्यापकांना थेट भेटावे" आणि "मिळालेले उत्तर आठवड्याभरात सर्वांना सांगतो". आठवड्याभरात की पंधरवड्यात, यावर समितीत अजून वाद आहे, कारण ते काम माझ्याच गळ्यात पडणार हे उघड आहे. शनिवारी शाळा सुटताना हे पान फाटकापाशी मोठ्याने वाचून पाहणार आहोत. ते आजोबा त्याच वेळी नातवाला न्यायला येतात.