‘अकेडियन’, ‘केजन’ आणि १७५५ची हद्दपारी

प्रश्न : अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यातल्या केजन लोकांवर मराठीत लेख लिहितोय. ‘केजन’ आणि ‘अकेडियन’ हे एकच का? आणि ब्रिटिशांनी १७५५मध्ये अकेडियनांना, म्हणजे तिथे वसलेल्या फ्रेंचांना, आजच्या कॅनडातल्या नोव्हा स्कोशियातून काढून लावलं, त्याला ‘विस्थापन’ म्हटलं तर चालेल?

प्रतिसाद : शब्द एकाच मुळातले. फ्रेंच ‘आकादियँ’मधला सुरुवातीचा ‘आ’ बोलताना गळाला, ‘कादियँ’ झालं. पुढे ‘द्य’चा ‘ज’ झाला आणि इंग्रजीने तेच ‘केजन’ असं उचललं. आपल्याकडे ‘अद्य’चं ‘आज’ आणि ‘विद्युत्’ची ‘वीज’ झाली, तोच हा बदल.

माणसं मात्र सरसकट एक धरू नका. न्यू ब्रन्सविक, नोव्हा स्कोशिया, प्रिन्स एडवर्ड आयलंड इथले आजही स्वतःला अकेडियनच म्हणवतात. त्यांचा राष्ट्रीय दिवस १५ ऑगस्ट, १८८१च्या मेमरॅमकूक अधिवेशनात ठरलेला. लुइझियानात गेलेल्यांमध्ये स्पॅनिश, जर्मन आणि इतर फ्रेंच घराणीही मिसळत गेली. त्या सगळ्यांचे वंशज म्हणजे केजन. एके काळी हा शब्द हिणवायला वापरत. लुइझियानाच्या १९२१च्या राज्यघटनेने तिथल्या शाळांतून फ्रेंच हद्दपार केली होती. १९६८मध्ये फ्रेंचच्या जतनासाठी सरकारी परिषद स्थापन झाली, त्या सुमारास लोक हेच नाव अभिमानाने सांगू लागले.

प्रतिसाद : ‘विस्थापन’ कृपया नको. धरणामुळे होतं ते विस्थापन. त्यात कोणी काढलं हे झाकलं जातं. ‘निर्वासित’ही त्या दिवसाला लागू नाही, कारण ही माणसं पळून गेली नव्हती. ५ सप्टेंबर १७५५ रोजी ग्राँ-प्रे गावातल्या पुरुषांना आणि मोठ्या मुलांना दुपारी तीन वाजता चर्चमध्ये बोलावलं. ४१८ जण आले. ब्रिटिशांच्या कर्नल विन्स्लोने हुकूम वाचून दाखवला : जमिनी आणि गुरंढोरं राजाकडे जमा, रोकड आणि जहाजात मावेल तेवढं घरसामान बरोबर न्या. बिनशर्त राजनिष्ठेची शपथ घ्यायला ते तयार नव्हते, एवढं कारण पुरलं. याला मराठीत ‘हद्दपारी’ हाच शब्द आहे. अकेडियन स्वतः ‘ग्राँ देरांजमाँ’ म्हणतात, म्हणजे मोठी उलथापालथ. ते त्यांचं नाव म्हणून जरूर द्या, पण वाक्यात क्रियापद ‘हद्दपार केलं’ असंच ठेवा.

आणखी एक. जहाजं तिथून थेट लुइझियानाला गेली असं लिहू नका. ती मॅसॅच्युसेट्सपासून जॉर्जियापर्यंतच्या इंग्रज वसाहतींकडे गेली. व्हर्जिनियाने तर आलेल्यांना उतरून घेतलं नाही, पुढे इंग्लंडला धाडलं. लुइझियानात मोठा जथा १७६५मध्ये, अकेडियन पुढारी जोसेफ ब्रुसार ऊर्फ बोसोलेय याच्याबरोबर पोचला. १७८५मध्ये फ्रान्सहून सात जहाजांतून सुमारे १६०० जण आले, स्पेनच्या राजाच्या खर्चाने. तेव्हा लुइझियाना स्पेनच्या ताब्यात होतं.

प्रश्नकर्ता : ‘हद्दपारी’ पटलं, मनापासून आभार. आता ‘अबुआतो’ला, म्हणजे अकेडियनांच्या समुद्रबांधातल्या पाणी सोडायच्या झडपेला, काय म्हणू? ‘जलद्वार’ लिहिलंय, पण रुचत नाही.

प्रतिसाद : रायगडकडच्या खारभूमीत बांधाला असते ती ‘उघाडी’. गोव्यातल्या खाजणात तिलाच ‘मानस’ म्हणतात. तत्त्व तेच : बांधाच्या पोटातून लाकडी पन्हळ, तिच्यात बिजागरीची झडप. ओहोटीला आतलं गोडं पाणी झडप ढकलून बाहेर जातं, भरतीला समुद्रच ती दाबून बंद करतो. मग पावसाने दोन-तीन वर्षांत मीठ धुऊन निघतं. नोव्हा स्कोशियालगतच्या फंडीच्या उपसागरात भरती काही ठिकाणी १६ मीटरपर्यंत चढते, तिथे अकेडियनांनी कुदळ-फावड्याने जमीन मिळवली. ‘उघाडी’ लिहा, कोकणातल्या वाचकाला चित्र लगेच दिसेल.

आणि हे लेखात घ्याच. १७५९च्या नोव्हेंबरातल्या वादळात त्या बांधांना खांडी पडल्या. मोकळ्या केलेल्या जमिनीवर न्यू इंग्लंडहून नवे वसाहतवाले आले, पण बांध कसा बुजवायचा ते त्यांना ठाऊक नव्हतं. म्हणून कैदेत ठेवलेल्या अकेडियनांनाच आणून, त्यांनीच घातलेले बांध त्यांच्याकडून दुरुस्त करून घेतले.