परक्या किडीवर मित्रबुरशी: जंगलात सोडावी का?

रानभुली:
किडी मारणाऱ्या बुरशीला लोक एवढे का बिचकतात? स्पॉन्जी मॉथचंच बघा. १८६०च्या दशकात एका हौशी माणसाने हा पतंग युरोपातून अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये नेला, तो निसटला आणि अळ्यांनी ओकची जंगलं बोडकी केली. शंभर वर्षं फवारण्या, उपाय सगळं झालं. मग १९८९मध्ये ‘एन्टोमोफागा मायमायगा’ ही जपानी बुरशी पसरली. खोडांना चिकटून, डोकं खाली करून वाळलेल्या अळ्यांचा नुसता खच! तोही फुकटात.

कातळ:
फुकटात कारण ती कुणी सोडलीच नव्हती. १९१०-११मध्ये बोस्टनजवळ सोडलेली तगली नाही असंच मानलं गेलं. ही बहुधा नंतर चुकून आलेली. अपघाताला धोरण म्हणायचं का? ह्याच पतंगासाठी १९०६मध्ये कॉम्प्सिल्युरा नावाची परजीवी माशी आणली होती. पतंग तर हटला नाहीच, वर तिथले पंजाएवढे देशी सिक्रोपिया पतंग तिने टिपले.

रानभुली:
माशीचं पाप बुरशीच्या माथी कशाला? जंगलात ही बुरशी जवळजवळ ह्याच पतंगाला धरते. प्रयोगशाळेत इतर जातींच्याही अळ्या मेल्या, मान्य. पण तिथे अळीला बीजाणूंची आंघोळच घालतात हो!

कातळ:
आणि बिव्हेरिया ही दुसरी कीडमारी बुरशी? तिने रेशीमकिडे मरतात हे बासी ह्या इटालियन संशोधकाने १८३५मध्येच दाखवलं होतं. मित्र म्हणे! कुणाची?

चिखलपाय:
दोघेही पाऊस विसरलात. बीजाणू रुजायला ओल लागते. वसंत कोरडा गेला की बुरशी मातीत पडून राहते, वर्षानुवर्षं, आणि अळ्यांचं फावतं. कॅनडातल्या ओंटारियोत ही बुरशी होतीच, तरी २०२१मध्ये जवळजवळ १८ लाख हेक्टरांवर झाडांची पानं गेली. शिवाय अ‍ॅश बोरर ह्या अ‍ॅशची झाडं पोखरणाऱ्या भुंग्याची अळी सालीखाली बसते, तिथवर फवारा पोचणार कसा?

रानभुली:
म्हणून सोडूनच द्यायचं? २०१८मध्ये पेनसिल्व्हेनियात स्पॉटेड लँटर्नफ्लाय ह्या परक्या किडीला बाटकोआ आणि बिव्हेरिया ह्या तिथल्याच बुरशींनी झोपवलं. बाहेरून काही आणावं लागलं नाही.

कातळ:
तिथल्याच असतील तर माझी हरकत निम्मी झाली. उरलेली निम्मी अशी, की डब्यात भरून फवारायची म्हटलं तर फुलांवरच्या मधमाश्यांचं काय, हे आधी तपासा. आणि हो, फवारणी कोरड्या दिवशी करू नका, चिखलपाय रागावतील.