शब्दचर्चा: थरार की तग?

एका कुमारवयीन कादंबरीच्या मलपृष्ठासाठी दोन ओळी लिहायच्या आहेत. पंधरा वर्षांची मुलगी, सोबत धाकटा भाऊ, दोघं जंगलात वाट चुकलेली, मोठं माणूस कुणी नाही. मूळ इंग्रजीत नुसतं ‘ग्रिपिंग सर्व्हायव्हल थ्रिलर’ आहे. मी ‘चित्तथरारक जीवनसंघर्ष’ असं लिहिलं आणि माझं मलाच हसू आलं. जीवनसंघर्ष म्हटलं की षष्ट्यब्दीपूर्तीचा गौरवग्रंथ आठवतो. काय म्हणावं?

—

‘चित्तथरारक’ आधी काढा. सर्कशीच्या जाहिरातींनी आणि क्रिकेटच्या शेवटच्या षटकांनी तो पार झिजवलाय. शिवाय ‘थरारणे’ हे ‘थरथरणे’चं भावंड. अंगावर शहारा येतो आणि ओसरतो. तीनशे पानं कुणी थरथरत वाचत नाही. (‘थ्रिल’ आणि ‘थरार’ कानाला सख्खे वाटतात, पण नातं नाही. इंग्रजी शब्दाचं मूळ भोक पाडण्यात आहे. ‘नॉस्ट्रिल’मधलं भोक ते हेच.)

—

सर्व्हायव्हलला ‘तग’ आहे की. आमच्याकडे पावसानं ओढ दिली की विचारतात, ‘रोपं तगली का?’ तगण्यात रोजचा हिशेब असतो: आज पाणी किती, उद्याला पुरेल का, पाय कुठवर साथ देईल. वाचक अडकतो तो या हिशेबात.

खरं उदाहरण घ्या. २४ डिसेंबर १९७१ला पेरूच्या जंगलावर एक प्रवासी विमान वीज पडून कोसळलं. विमानात ९२ माणसं होती, त्यातली एकटी युलियाने कोप्के वाचली. वय १७. गळ्याजवळचं हाड (कॉलरबोन) मोडलेलं, चष्मा गेलेला, पायात एकच सँडल, खायला गोळ्यांची एक पिशवी. थरार म्हणाल तर तो आकाशातच संपला. पुढचे अकरा दिवस ती ओढ्याच्या धारेनं चालत राहिली, कारण पाणी माणसांपर्यंत नेतं हे वडिलांनी तिला आधी सांगून ठेवलं होतं. दंडावरच्या जखमेत किडे पडले, तेव्हा नदीकाठी सापडलेल्या होडीतलं इंधन तिनं जखमेवर ओतलं. हे कळताना आपण शहारत नाही, दात आवळतो. आणि तिला सुटका ‘मिळत’ नाही, आधी शिकलेलं कामाला येतं. या वयाच्या वाचकाला हेच हवं असतं. आयत्या वेळी हेलिकॉप्टर उतरवणारे लेखक मला तरी फसवे वाटतात.

—

मग शेतकऱ्यांना मिळायची ती ‘तगाई’ यातलीच ना, काका? पीक तगावं म्हणून सरकारनं कर्जाऊ दिलेली?

—

नाही हो. तगाई म्हणजे तकावी, अरबी-फारसीतून आलेली. मुळात बळ देणं. ‘तगादा’ही तिकडचाच. माझे आजोबा तगाई घेऊन तगले आणि नंतर तगाद्यानं टेकीला आले, त्यांना मात्र ही व्युत्पत्ती पटली नसती.

—

‘ग्रिपिंग’चं राहिलंच. ‘उत्कंठावर्धक’ नको. संस्कृतात उत्कंठा म्हणजे जिवाची कालवाकालव. शकुंतला सासरी निघते तेव्हा कण्वांना होते ती. मराठीत तिला आपण ‘पुढे काय’वर आणून ठेवलं, त्याला हरकत नाही, पण ‘वर्धक’ लागलं की टॉनिकची बाटली दिसते. ‘पकड घेणारी’ रुळलाय, तरी कुस्तीचा वास येतोच. मुली काय म्हणतात? ‘खाली ठेववत नाही.’ ते ‘-ववत नाही’ दुसऱ्या भाषेत नेऊन दाखवा!

—

‘खाली ठेववणार नाही अशी तगण्याची गोष्ट’. झालं की.

—

थोडं थांबा, ताई. तगणं वेगळं, तगवणं वेगळं. २०१८मध्ये थायलंडच्या गुहेत बारा मुलं अडकली, तेव्हा त्यांना पंचवीस वर्षांच्या प्रशिक्षकानं तगवलं: छतावरून झिरपणारं पाणी प्यायला लावलं, ध्यान शिकवून शांत ठेवलं. स्वतःपुरतं तगणाऱ्याची काळजी वाटते. दुसऱ्याला तगवणाऱ्याच्या बाबतीत प्रत्येक घासाला पेच उभा राहतो, हा कुणी खायचा?

—

कादंबरीत नेमकं हेच आहे. तिसऱ्या दिवशी एकच पेरू उरतो आणि ती भावाला ‘मला आवडत नाही’ म्हणून सांगते. मी मात्र मलपृष्ठावर ‘ती तगते का?’ लिहून बसलो होतो. आता ‘ती त्याला तगवते का?’ करतो. प्रकाशक ‘चित्तथरारक’ सोडायला तयार नाहीत, ते उद्या बघू.