मदत हवी आहे: एआर-व्ही७ या तोकड्या रिसेप्टरला मायक्रोट्यूब्यूल लागत नाहीत, मग डोसेटॅक्सेल हे कॅन्सरचं औषध काम कसं करतं?

नमस्कार मंडळी,

एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. पुढच्या आठवड्यात सेमिनार आहे, विषय मीच हट्टाने घेतला: पेशीचा आतला सांगाडा आणि प्रोस्टेट कॅन्सरमधला अँड्रोजेन रिसेप्टर (एआर, म्हणजे पुरुषी हार्मोन धरणारं प्रथिन). तीन दिवस एकाच ठिकाणी अडकले आहे.

मला कळलंय ते आधी सांगते, चुकलं तर तिथेच थांबवा. हार्मोन नसताना हा रिसेप्टर बहुतांशी केंद्रकाबाहेर, एचएसपी९० या मदतनीस प्रथिनाच्या सोबतीने असतो. डीएचटी हे पुरुषी हार्मोन चिकटलं की तो केंद्रकाकडे निघतो, आणि डायनीन ही प्रथिनाची मोटर त्याला मायक्रोट्यूब्यूल या सांगाड्यातल्या नळ्यांवरून ओढून नेते. डोसेटॅक्सेल या नळ्या मोडत नाही, उलट त्यांना हलूच देत नाही. तेवढ्यानेही रिसेप्टर बाहेर अडकतो. म्हणजे २००४ पासून पुढच्या टप्प्यातल्या प्रोस्टेट कॅन्सरला दिलं जाणारं हे औषध फक्त पेशीविभाजन रोखतं, असं आम्ही शिकलो ते अपुरं आहे. या गाठींत एका वेळी विभाजन करणाऱ्या पेशी तशाही थोड्याच, त्यामुळे हे स्पष्टीकरण मला मनापासून पटलं होतं.

आता अडचण. एआर-व्ही७ या तोकड्या रूपात हार्मोन धरणारा भागच नाही. अशा रुग्णांत एन्झाल्युटामाइड आणि अबिराटेरोन ही हार्मोनची वाट रोखणारी औषधं चालत नाहीत हे २०१४ मध्ये दिसलं. त्यात हिंजचा (रिसेप्टरच्या दोन भागांना जोडणाऱ्या बिजागरीसारखा) भागही नाही, म्हणून ते मायक्रोट्यूब्यूलशिवायच केंद्रकात शिरतं. या हिशेबाने टॅक्सेनही (डोसेटॅक्सेलचा औषधगट) फुकट जायला हवं. पण २०१५ च्या अभ्यासात एआर-व्ही७ असलेल्या रुग्णांनाही टॅक्सेनचा उपयोग झाला! मग रिसेप्टर अडवण्याची गोष्ट खरी की नाही? जाणकारांनी कृपया सांगा.

प्रतिसाद १

तुमची मांडणी बरोबर आहे, फक्त 'किंवा'च्या जागी 'आणि' ठेवा. टॅक्सेन एकाच ठिकाणी घाव घालत नाही. विभाजनाला निघालेली पेशी त्यात अडकते. काही पेशी विभाजन अर्धवट सोडून बाहेर पडतात आणि त्यांचं केंद्रक अनेक तुकड्यांत विखुरतं. एआर-व्ही७ असो वा नसो, हे नुकसान होतंच. शिवाय व्ही७ असलेल्या पेशीत पूर्ण लांबीचा रिसेप्टरही बहुधा असतोच, आणि त्याची वाट टॅक्सेन अडवतंच.

२०१५ चा अभ्यास पुन्हा वाचा. एकूण रुग्ण ३७, त्यातले व्ही७ वाले १७. त्यातून 'व्ही७ असलं तरी टॅक्सेन देऊन बघण्यासारखं आहे' एवढं निघतं. औषध पेशीत कुठल्या वाटेने काम करतं, हे त्यातून ठरत नाही.

प्रतिसाद २

वरच्याशी सहमत. सेमिनारमध्ये एआर-व्ही५६७ईएस हे रिसेप्टरचं दुसरं तोकडं रूप नक्की घ्या. त्यातही हार्मोन धरणारा भाग नाही, पण हिंज शाबूत आहे, आणि ते मायक्रोट्यूब्यूलला धरून राहतं. उंदरांत वाढवलेल्या मानवी गाठींत व्ही५६७ईएस वाली गाठ डोसेटॅक्सेलला दबली, व्ही७ वाली दबली नाही. दोन्ही तोकडी रूपं, फरक हिंजचा. तुमच्या प्रश्नाला याहून थेट पुरावा मला माहीत नाही.

एक सावधगिरी: हे सगळं इस्ट्रोजेन रिसेप्टरला जसंच्या तसं लावू नका. ईआर अल्फा (इस्ट्रोजेन रिसेप्टरचा एक प्रकार) हार्मोन नसतानाही मुख्यतः केंद्रकातच असतो.

मूळ धागाकर्ती

दोघांचेही खूप खूप आभार! व्ही७ आणि व्ही५६७ईएस शेजारी ठेवले आणि तीन दिवसांची गाठ सुटली. रुग्णांचा अभ्यास आणि उंदरांतला प्रयोग एकमेकांशी भांडताहेत असं मी धरून बसले होते, पण दोघांचे प्रश्नच वेगळे आहेत.

शेवटची शंका: अॅक्टिनचा (सांगाड्यातल्या दुसऱ्या तंतूंचा) धागा घेऊ का? फिलॅमिन-ए हे प्रथिन अॅक्टिनच्या तंतूंना जोडतं आणि रिसेप्टरच्या हिंजलाही धरतं, असं वाचलंय.

प्रतिसाद २

घ्या, पण एकच स्लाइड. अख्खं फिलॅमिन-ए २८० किलोडाल्टनचं, ते केंद्रकाबाहेर असतं. कॅल्पेन या एन्झाइमने कापल्यावरचा छोटा तुकडा केंद्रकात जाऊन रिसेप्टरला भेटतो. पुन्हा हिंजच आला, म्हणून तुमच्या गोष्टीत तो नीट बसेल.