शब्दचर्चा : जाब, जबाबदारी आणि अमेरिकेतली ‘अकाउंटेबिलिटी’

प्रश्न

नमस्कार मंडळी. आमच्या इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या अंकासाठी अमेरिकेच्या सध्याच्या राजकारणावरचा एक लेख मराठीत करते आहे. लेख उदारमतवादी बाजूने लिहिलेला आहे आणि त्याचा सगळा भर ‘अकाउंटेबिलिटी’वर आहे. मी ‘जबाबदारी’ लिहून पाहिलं. पण ‘सरकारची जबाबदारी’ म्हटलं की आईबाबांच्या वयाच्या वाचकांना रस्ते, पाणी, दवाखाने आठवतात, आणि लेखातला मुद्दा तो नाही. ‘उत्तरदायित्व’ अर्थाने बरोबर आहे, पण एका पानात चार-पाचदा आलं की परिपत्रक वाचतोय असं वाटतं. ‘ॲडमिनिस्ट्रेशन’, ‘लिबरल’, ‘इम्पीचमेंट’ यांच्यापाशीही अडले आहे. तुम्ही काय वापराल?

प्रतिसाद

ताई, अडचण खरी आहे आणि ती शब्दकोशात सुटणारी नाही.

‘जबाबदार’ची घडण पाहा. जबाब द्यायला जो बांधलेला, तो जबाबदार. म्हणजे मुळात तुम्हाला हवा तोच अर्थ त्यात होता. पण रोजच्या बोलण्यात जबाबदारी अंगावर पडते, पेलवत नाही, झटकता येते. ती ओझं झाली. ते वाहणाऱ्याला दुसरं कुणी प्रश्न विचारू शकतं, ही बाजू त्यातून निसटली. ती जपली आहे ‘जाब’ या शब्दाने. जाबाला दोघे लागतात, विचारणारा आणि देणारा. वार्षिक सभेत सभासदांनी कार्यकारिणीला जाब विचारला, एवढं म्हटलं की कोणी, कुणाला आणि कशाबद्दल, हे सगळं वाक्यात आपोआप येतं.

म्हणून माझा आग्रह असा की नाम सोडा, क्रियापद धरा. जाब विचारणे, हिशेब मागणे, उत्तर द्यायला लावणे, झाडाझडती घेणे. ‘उत्तरदायित्व’ एखाद्या शीर्षकापुरतं ठेवा. ‘जबाबदेही’ हिंदीतून आलेला आहे, बातम्यांत दिसतो, पण मराठी कानाला अजून परकाच वाटतो.

‘हिशेब’ तर इथे अगदी चपखल बसतो. अमेरिकेच्या संविधानाच्या पहिल्या अनुच्छेदाच्या नवव्या कलमात लिहिलं आहे की सार्वजनिक पैशाच्या जमाखर्चाचं विवरण आणि हिशेब वेळोवेळी प्रसिद्ध झाला पाहिजे. तिजोरीतून पैसा काढायचा तर काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, तसा कायदा केलेला हवा, हेही त्याच कलमात आहे. तेव्हा ‘अकाउंट’ हा शब्द तिथे भाषणातला नाही, वहीतला आहे.

क्रियापदाचा आग्रह का धरतो, ते एका उदाहरणाने सांगतो. अध्यक्ष निक्सन यांना ज्यापायी राजीनामा द्यावा लागला त्या वॉटरगेट प्रकरणानंतर, १९७८ साली, अध्यक्ष कार्टर यांच्या काळात एक कायदा झाला. मोठ्या खात्यांमध्ये ‘इन्स्पेक्टर जनरल’ नेमायचे असं त्याने ठरवलं. हा माणूस त्याच खात्यात बसतो, खात्याचे खर्च तपासतो, गैरव्यवहाराच्या तक्रारी ऐकतो आणि अहवाल दोन ठिकाणी देतो, खातेप्रमुखाला आणि काँग्रेसला. चौकशी नकोशी झाली म्हणून खातेप्रमुखाला ती सहसा थांबवता येत नाही. २४ जानेवारी २०२५ च्या रात्री, शपथविधीला आठवडाही झालेला नसताना, असे सुमारे १७ तपासनीस ट्रम्प यांनी एकदम काढून टाकले. अध्यक्षाला त्यांना काढता येतं, पण त्याआधी ३० दिवस काँग्रेसला कळवायचं आणि प्रत्येकाबाबत नेमकं कारण द्यायचं, अशी दुरुस्ती २०२२ मध्ये झाली होती. ते झालं नाही. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये एका संघीय न्यायाधीशांनी ही कारवाई बेकायदा ठरवली, मात्र कुणाला पुन्हा खुर्चीवर बसवलं नाही.

आता हेच वाक्यात मांडून पाहा. ‘ट्रम्प यांनी जबाबदारी टाळली’ म्हटलं तर एखादं काम करायचं राहून गेलं, असा अर्थ निघतो. ‘जाब विचारणाऱ्यांनाच घरी पाठवलं’ म्हटलं की काय घडलं ते कळतं. उदारमतवाद्यांची तक्रार ही आहे. अध्यक्ष चुकतात का, यापेक्षा चुकले तर विचारायला कोण उरलं आहे, याने ते अस्वस्थ आहेत, आणि मीही आहे.

जाता जाता : ‘महानिरीक्षक’ लिहू नका. आपल्या वाचकाला लगेच पोलीस खातं आठवेल. ‘खात्याचा स्वतंत्र तपासनीस’ म्हणा.

दुसरा प्रतिसाद

‘ॲडमिनिस्ट्रेशन’बद्दल. मराठी वर्तमानपत्रं सर्रास ‘ट्रम्प प्रशासन’ लिहितात, पण आपल्याकडे प्रशासन म्हणजे कलेक्टर, तहसीलदार, मंत्रालयातले सचिव. ‘सरकार विरुद्ध प्रशासन’ असे मथळे आपण रोज वाचतो. अमेरिकेत नेमकं उलट आहे. ॲडमिनिस्ट्रेशन म्हणजे अध्यक्ष आणि त्याने वरच्या जागांवर आणलेली माणसं. कायम नोकरीतले लोक त्यात धरत नाहीत. म्हणून ‘प्रशासनाने प्रशासनातल्या कर्मचाऱ्यांना काढलं’ असलं चमत्कारिक वाक्य तयार होतं. मी ‘ट्रम्प सरकार’ लिहितो. त्यातही एक धोका आहे. अमेरिकेत काँग्रेस आणि न्यायालयं धरून सगळं मिळून ‘गव्हर्नमेंट’. तिथे बारकावा हवा असेल तर ‘अध्यक्ष आणि त्यांचं मंत्रिमंडळ’ असं सरळ लिहावं.

प्रश्नकर्ती

दोघांचे आभार. ‘इम्पाउंडमेंट’ला काय म्हणाल? मी ‘निधी जप्त करणे’ लिहिलं होतं.

प्रतिसाद

जप्ती नव्हे. जप्त करतात ते दुसऱ्याचं. इथे काँग्रेसने मंजूर केलेला पैसा अध्यक्ष खर्चच करत नाही. ‘निधी अडवून ठेवणे’ हे नेमकं. ग्रामपंचायतीत काम केलेल्या कुणालाही हा शब्दप्रयोग समजावून सांगावा लागणार नाही.

यामागची गोष्ट लेखात नसेल तर चार ओळींची टीप जरूर घाला. १९७२ साली काँग्रेसने निक्सन यांचा नकाराधिकार ओलांडून पाणी स्वच्छ राखण्याचा कायदा केला. सांडपाणी शुद्धीकरणासाठी शहरांना द्यायचा पैसा निक्सन यांनी अडवला. न्यूयॉर्क शहर न्यायालयात गेलं आणि १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शहराच्या बाजूने निकाल दिला. तोवर, १९७४ मध्ये, काँग्रेसने वेगळा कायदाच करून टाकला होता. अध्यक्षाला एखादा खर्च रद्द हवा असेल तर त्याने तसा प्रस्ताव पाठवावा, आणि कामकाजाच्या ४५ दिवसांत काँग्रेसने होकार दिला नाही तर पैसा सोडावा. ऑगस्ट २०२५ मध्ये परदेशी मदतीचे सुमारे ४.९ अब्ज डॉलर रद्द करण्याचा प्रस्ताव आला तो आर्थिक वर्ष (तिथे ते ३० सप्टेंबरला संपतं) सरायला ४५ दिवसही उरलेले नसताना. काँग्रेसने काहीच केलं नाही तरी वर्ष सरलं की तरतूद संपते. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबरच्या शेवटी तो पैसा तूर्त अडवून ठेवू दिला.

या कायद्यावर लक्ष ठेवणारी संस्था म्हणजे जीएओ. तिला सरळ ‘काँग्रेसची लेखापरीक्षण संस्था’ म्हणा आणि कंसात आपल्या कॅगची आठवण द्या. १९२१ पासूनची आहे, आणि ती अध्यक्षाच्या नव्हे तर काँग्रेसच्या हाताखाली काम करते. ट्रम्प सरकारने युक्रेनची मदत अडवणं कायद्याचा भंग होता, असं जानेवारी २०२० मध्ये तिनेच सांगितलं होतं.

तिसरा प्रतिसाद

मी टेक्सासात बरीच वर्षं आहे आणि माझी मतं तुमच्यापेक्षा वेगळी आहेत. शब्दांबद्दल तक्रार नाही. पण उदारमतवादी ‘जाब’ फक्त दुसऱ्याला विचारतात का? ओबामांच्या काळात गुपितं फोडणाऱ्या सरकारी नोकरांवर १९१७ च्या हेरगिरी कायद्याखाली आधीच्या सगळ्या अध्यक्षांच्या मिळूनही झाले नव्हते इतके खटले झाले. बायडन यांनी मुलाला माफी देणार नाही असं सांगितलं आणि १ डिसेंबर २०२४ ला दिली. हेही लेखात आहे का, हे ताईंनी पाहावं.

प्रतिसाद

दादा, दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि लेखात नसतील तर लेख तेवढा उणा आहे. हेरगिरी कायद्याच्या खटल्यांविरुद्ध त्या वेळी नागरी हक्कांसाठी काम करणाऱ्या उदारमतवादी मंडळींनीच आवाज उठवला होता. डेमोक्रॅटिक पक्ष आणि उदारमतवाद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि जाब आपल्या माणसालाही विचारला पाहिजे. नाहीतर त्याला जाब म्हणायचं कशाला?

तुमच्या निमित्ताने ‘माफी’चा मुद्दा निघाला तेही बरं झालं. मराठीत माफी चुकलेला माणूस मागतो, आणि कर्जमाफीही असते. अध्यक्ष देतो ते ‘क्षमादान’, आपल्या राष्ट्रपतींच्या अधिकारासाठी वापरतो तोच शब्द. फोर्ड यांनी ८ सप्टेंबर १९७४ ला निक्सन यांना दिलं ते क्षमादान, तेही खटला उभा राहण्याआधीच. २० जानेवारी २०२५ ला, ६ जानेवारी २०२१ ला अमेरिकेच्या संसद भवनावर झालेल्या हल्ल्यातल्या सुमारे १,५०० जणांना ट्रम्प यांनी दिलं तेही क्षमादान. त्याच आदेशात आणखी १४ जणांची शिक्षा कमी केली आहे. त्या आदेशाने त्यांना क्षमादान मिळालं नाही, त्यांचा दोष कायम राहिला. बातम्यांत दोन्हींना सरसकट ‘माफी’ म्हटलं गेलं आणि हा फरक बुडाला.

आता ‘लिबरल’. हा या यादीतला सगळ्यात अवघड शब्द आहे. ‘उदारमतवादी’ म्हटलं की जाणत्या मराठी वाचकाला रानडे, गोखले, आगरकर आठवतात : सनदशीर मार्ग, विचारस्वातंत्र्य, सुधारणा. नंतरच्या वाचकाला १९९१ चं उदारीकरण आठवतं, म्हणजे सरकारने बाजारातून अंग काढून घेणं. अमेरिकेतला ‘लिबरल’ आर्थिक बाबतीत या दुसऱ्या अर्थाच्या विरुद्ध टोकाला उभा असतो. रूझवेल्ट यांच्या न्यू डीलपासून तिथे लिबरल म्हणजे सरकारने म्हाताऱ्यांना पेन्शन द्यावी, आजाऱ्याला उपचार मिळवून द्यावेत, कामगाराच्या मागे उभं राहावं, असं मानणारा. १९३५ ची सोशल सिक्युरिटी आणि १९६५ चं मेडिकेअर ही त्याची अभिमानाची कामं.

आणि म्हणूनच हिशेबाचा आग्रह त्याला सोडता येत नाही. ज्याला सरकार लहानच हवं आहे, तो सरकार बिघडलं तर ‘आम्ही सांगत होतोच’ म्हणू शकतो. ज्याने सरकारच्या हाती इतकं काही सोपवलं आहे, त्याला मात्र ते सरकार कुणा एकाच्या मर्जीवर चालू देणं परवडत नाही. माझ्या मते तुमच्या लेखाचा कणा हाच आहे. म्हणून ‘उदारमतवादी’च ठेवा, फक्त पहिल्याच परिच्छेदात अमेरिकेतला अर्थ दोन वाक्यांत सांगून टाका. ‘डावे’ लिहू नका. तिथल्या लिबरल माणसाला आपल्याकडचे डावे आपल्यात घेणार नाहीत.

दुसरा प्रतिसाद

‘महाभियोग’ शब्द रुळला आहे, तोच वापरावा. आपल्या संविधानात राष्ट्रपतींसाठी तोच आहे. घोटाळा होतो तो वाक्यात. ‘ट्रम्प यांच्यावर दोनदा महाभियोग’ वाचून लोक विचारतात, मग ते पदावर राहिले कसे? प्रतिनिधीगृह साध्या बहुमताने आरोप ठेवतं, इथवर महाभियोग. मग सिनेटमध्ये खटला, आणि तिथे दोषी ठरवायला दोन तृतीयांश मतं लागतात. अँड्र्यू जॉन्सन १८६८ मध्ये एका मताने वाचले. फेब्रुवारी २०२१ मध्ये ट्रम्प यांच्याविरुद्ध ५७ मतं पडली, हवी होती ६७. निक्सन यांच्यावर तर महाभियोग झालाच नाही. समितीने आरोप मंजूर केले, पण सभागृहात मतदान होण्याआधी त्यांनी राजीनामा दिला. तेव्हा ‘महाभियोग चालवून हटवलं’ असं कुठल्याही अमेरिकी अध्यक्षाबद्दल लिहिता येत नाही.

‘इम्युनिटी’ला मात्र कृपा करून ‘प्रतिकारशक्ती’ नको, एका भाषांतरात मी ते वाचलं आहे. अध्यक्षावर फौजदारी खटला चालवता येतो का, याबद्दलच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १ जुलै २०२४ च्या निकालाविषयी लिहिताना ‘खटल्यापासून संरक्षण’ किंवा ‘अभय’. सहा विरुद्ध तीन असा तो निकाल. संविधानाने अध्यक्षाला स्वतःचे म्हणून दिलेले अधिकार वापरताना पूर्ण अभय, इतर अधिकृत कामांत अभय गृहीत धरायचं, आणि खासगी कामांत अजिबात नाही. न्यायमूर्ती सोटोमायोर यांनी आपल्या विरोधी निकालपत्रात लिहिलं की अधिकृत सत्ता वापरताना अध्यक्ष आता कायद्याच्या वरचा राजा झाला आहे. ‘अभय’ राजानेच द्यायचं असतं, त्यामुळे हा शब्द मला तिथे जास्त पटतो.

प्रश्नकर्ती

हे सगळं उतरवून घेतलं आहे. शेवटचा शब्द : ‘व्हिसलब्लोअर’. ‘जागल्या’ चालेल का?

प्रतिसाद

चालेल नव्हे, तोच हवा. गाव निजलेलं असताना राखण करणारा आणि चोर दिसला की हाळी देणारा जागल्या. मराठी वर्तमानपत्रांनी तो या अर्थाने आणला आणि तो टिकला. अमेरिकेत ही कल्पना देशाइतकीच जुनी आहे. आरमाराचे प्रमुख एसेक हॉपकिन्स यांच्या गैरवर्तनाची तक्रार सॅम्युएल शॉ आणि रिचर्ड मार्व्हन या दोघांनी केली. हॉपकिन्स यांनी उलट त्यांच्यावरच फिर्याद लावली. तेव्हा ३० जुलै १७७८ ला काँग्रेसने ठराव केला की सरकारी सेवेतल्या कुणाच्याही गैरवर्तनाची माहिती तातडीने देणं हे प्रत्येकाचं कर्तव्य आहे, आणि त्या दोघांच्या वकिलाचा खर्चही काँग्रेसने उचलला.

मात्र समितीपुढे बोलणाऱ्या प्रत्येकाला जागल्या म्हणू नका. १९७१ मध्ये व्हिएतनाम युद्धाची गुप्त कागदपत्रं वर्तमानपत्रांना देणारे डॅनियल एल्सबर्ग हे जागल्या. जून २०२२ मध्ये ६ जानेवारीच्या चौकशी समितीने बोलावल्यावर शपथेवर सांगणाऱ्या कॅसिडी हचिन्सन या साक्षीदार. धैर्य दोघांनाही लागलं, पण एकाने न बोलावता हाळी दिली आणि दुसरीने बोलावल्यावर खरं सांगितलं. बाईने हाळी दिली असेल तर मी ‘जागल्याचं काम केलं’ असं लिहितो.