मदत हवी आहे: बारावीनंतर स्पोर्ट्स सायन्स

नमस्कार मंडळी. आम्ही कळव्याला राहतो. लेक यंदा बारावी सायन्सला आहे, दादोजी कोंडदेव स्टेडियमवर ४०० मीटर धावते. गेल्या वर्षी मांडीचा मागचा स्नायू दुखावला. तेव्हापासून तिच्या वहीत धावण्याच्या वेळेशेजारी झोपेचे तास, सकाळचे नाडीचे ठोके, सगळं टिपलेलं असतं.

नातेवाईक म्हणतात फिजिओथेरपी कर. तिला मात्र उपचारापेक्षा सरावाने शरीर घडतं कसं, यात रस आहे, आणि मला तो खरा वाटतो. बालेवाडीचं क्रीडा विद्यापीठ आणि मणिपालचं बीएस्सी डोळ्यासमोर आहे. ग्वाल्हेरची एलएनआयपीई (लक्ष्मीबाई राष्ट्रीय शारीरिक शिक्षण संस्था) शारीरिक शिक्षणाकडे जास्त झुकलेली वाटते.

पदवीनंतर स्ट्रेंथ अँड कंडिशनिंगचं, म्हणजे ताकद आणि दमसास वाढवून घेण्याचं, काम खेळाडूंसोबत मिळतं, की एमएस्सी करावंच लागतं? या क्षेत्रातलं कुणी ठाणे-वाशीकडे असेल तर लेकीला घेऊन भेटायला येईन.