सल्ला हवा: टॉवेल कारखान्याचा हिशेब आणि डिझाइन क्लाउडवर न्यावीत का?

टेरीटॉवेलवाला (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत आमचा टेरी टॉवेलचा छोटा कारखाना आहे. कार्यालयात एकच संगणक असून हिशेब, गिऱ्हाइकांची येणी, कामगारांची हजेरी आणि जॅकार्डची (मागावर विणायच्या नक्षीची) डिझाइन असे सगळे त्यातच असते. गेल्या पावसाळ्यात एका दुपारी वीज तीन-चार वेळा गेली-आली आणि संध्याकाळी तो संगणक सुरूच झाला नाही. दुरुस्ती करणाऱ्याने हार्ड डिस्कमधून डिझाइनच्या बऱ्याचशा फायली काढून दिल्या, परंतु हिशेबाची फाइल खराब झाली ती झालीच. बिलांच्या कागदी प्रतींवरून दोन वर्षांच्या नोंदी पुन्हा उतरवण्याचे काम आम्हाला थेट दिवाळीपर्यंत पुरले.

आता एक विक्रेते वरचेवर येतात आणि ‘सगळे क्लाउडवर टाका, मग काळजीच नको’ असे सांगतात. माझा माल कुठे ठेवणार आणि किल्ली कोणाकडे राहणार, असे विचारले की ते हसून वर बोट दाखवतात. सोलापूरच्या माणसाने ढगाच्या भरवशावर किती राहावे, हे मी आपल्याला सांगायला नको. तेव्हा क्लाउड म्हणजे नेमके काय, आमच्याएवढ्या धंद्याला त्याची गरज आहे का आणि सुरुवात कशी करावी, हे कोणी सविस्तर सांगेल का? दुसरे असे की, माझी भाची नुकतीच बी.कॉम. झाली असून तिला याच विषयाचे शिक्षण घ्यायचे आहे. तिच्यासाठीही मार्गदर्शन हवे आहे.

सातरस्तेकर

काका, नमस्कार. मी मूळचा सोलापूरचा, सध्या नोकरीनिमित्त पुण्यात असतो आणि हेच काम करतो.

क्लाउड म्हणजे दुसऱ्याच्या मालकीचे संगणक इंटरनेटवरून भाड्याने वापरणे आणि वापर होईल तेवढेच पैसे देणे. ही कल्पना जुनी आहे. संगणकाची शक्ती विजेप्रमाणे सार्वजनिक सेवा म्हणून पुरवता येईल, असे अमेरिकी संगणकशास्त्रज्ञ जॉन मॅकार्थी यांनी १९६१ सालीच म्हटले होते. मात्र आज आपण ज्याला क्लाउड म्हणतो त्याचा बाजार ॲमेझॉनने २००६ साली साठवणुकीची एस-थ्री आणि भाड्याच्या संगणकांची ईसी-टू या सेवा सुरू केल्यावर उभा राहिला.

यातले प्रकार समजण्यासाठी लग्नाचे उदाहरण घेऊ. मंगल कार्यालयाचा नुसता हॉल घेतला तर जागा, पाणी आणि वीज त्यांची. आचारी, किराणा आणि भांडी आपली. क्लाउडमध्ये भाड्याने कोरा संगणक मिळतो तो असा, आणि त्यावरील प्रणाली अद्ययावत ठेवण्यापासून कुलूप लावण्यापर्यंतची सगळी कामे आपल्यालाच करावी लागतात. दुसऱ्या प्रकारात भांडी-आचारी त्यांचे, पदार्थ कोणते करायचे ते आपण ठरवायचे; हा प्रकार स्वतःचे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांच्या उपयोगाचा आहे. तिसऱ्यात सगळेच ताटाच्या दराने ठरते आणि आपण फक्त पाहुणे घेऊन जायचे. जीमेल, गूगल ड्राइव्ह किंवा ब्राउझरमध्ये उघडणारे हिशेबाचे सॉफ्टवेअर या तिसऱ्या प्रकारात मोडते. आपल्या कारखान्याला या तिसऱ्या प्रकाराच्या पलीकडे जाण्याचे कारण निदान आज तरी मला दिसत नाही.

उपमा एका ठिकाणी मात्र तोकडी पडते. कार्यालयात एका मुहूर्तावर एकच लग्न लागते, तर क्लाउडमध्ये एकाच यंत्रावर अनेक गिऱ्हाइकांचे संगणक एकाच वेळी चालतात आणि त्यांच्यामधल्या भिंती सॉफ्टवेअरच्या असतात. त्या भिंती घालणाऱ्या सॉफ्टवेअरला हायपरव्हायझर म्हणतात. या वाटणीमुळेच भाडे परवडते.

विक्रेत्याची पारख करण्यासाठी अमेरिकेच्या ‘निस्ट’ या मानक संस्थेने २०११ साली केलेली व्याख्या उपयोगी पडते. सेवा आपली आपल्याला सुरू करता यावी, ती नेटवर्कवरून कोणत्याही साध्या उपकरणावर मिळावी, साधने अनेकांत वाटून वापरली जावीत, गरजेप्रमाणे ती झटपट वाढवता-घटवता यावीत आणि वापर मोजला जावा, अशी पाच लक्षणे तिथे दिली आहेत. आपल्या विक्रेत्यांना एवढेच विचारा की, यंत्र कोणत्या शहरात आहे, प्रती किती ठेवता आणि मी उद्या सोडून गेलो तर माझी माहिती मला कोणत्या स्वरूपात परत मिळेल.

वहीखाते

माझे मत थोडे वेगळे आहे. मी बाजारपेठेतील व्यापाऱ्यांचे हिशेब लिहितो आणि माझ्या अनुभवात लहान धंद्याला दोन बाहेरच्या हार्ड डिस्क पुरतात. एक कार्यालयात ठेवावी, दुसरी घरी न्यावी आणि दर शनिवारी त्यांची अदलाबदल करावी. यात महिन्याचे भाडे नाही, इंटरनेटची कटकट नाही आणि आपला माल आपल्या डोळ्यांसमोर राहतो.

काहीही ठरवले तरी कायद्याकडे लक्ष असू द्या. जीएसटीच्या नोंदी त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने जपाव्या लागतात. आपला धंदा भागीदारीत असेल तर पुढचा नियम लागू नाही, पण तो कंपनी कायद्याखाली नोंदलेला असेल तर इलेक्ट्रॉनिक हिशेबाची प्रत भारतात असलेल्या सर्व्हरवर रोजच्या रोज ठेवणे बंधनकारक आहे. तशा कंपनीला शनिवारची अदलाबदल पुरणार नाही, हे मी माझ्याच सल्ल्याविरुद्ध सांगतो.

सातरस्तेकर

वहीखाते यांचा उपाय मी मुळीच टाकाऊ मानत नाही. प्रती तीन असाव्यात, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांपैकी एक तरी जागेबाहेर असावी, हा आमच्या क्षेत्रातील जुना नियम त्यांच्या पद्धतीत जवळजवळ पाळला जातो. अडचण शनिवारची आहे. लग्नसराईत किंवा गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत तो शनिवार चुकतो, आणि एकदा चुकला की तीन महिने कोणाच्या लक्षातही येत नाही. क्लाउडवरील प्रत आपोआप निघते, यातच तिची खरी किंमत आहे.

टेरीटॉवेलवाला

दोघांचेही आभार. मी विक्रेत्यांना तिन्ही प्रश्न विचारले. बरेच आढेवेढे घेतल्यावर कळले की, त्यांचे ‘क्लाउड’ म्हणजे त्यांच्याच दुकानाच्या माळ्यावरील एक सर्व्हर आहे. दुसरी प्रत नाही, आणि सोडून गेल्यास माहिती कशी परत देणार याचे उत्तर ‘बघू’ असे मिळाले. म्हणजे माझ्या कार्यालयातला धोका पैसे देऊन त्यांच्या माळ्यावर नेण्यासारखेच ते झाले असते.

आता मोठ्या कंपन्यांबद्दल विचारतो. त्यांची यंत्रे परदेशात असतात का? आमच्याकडे इंटरनेट दिवसातून दोनदा तरी अडखळते. अशा वेळी काम बंद पडेल का? आणि त्यांच्याकडेच आग लागली तर काय?

सातरस्तेकर

यंत्रे भारतातही आहेत. मायक्रोसॉफ्टची केंद्रे २०१५ पासून पुणे, मुंबई आणि चेन्नई या भागांत आहेत. ॲमेझॉनने २०१६ साली मुंबईत आणि २०२२ साली हैदराबादेत, तर गूगलने २०१७ साली मुंबईत आणि २०२१ साली दिल्लीत आपापले विभाग, म्हणजे एकेका भागातील यंत्रकेंद्रांचे गट, सुरू केले. कोरा संगणक किंवा साठवणुकीची जागा भाड्याने घेताना विभाग आपण निवडू शकतो. ताटाच्या दराच्या सेवांमध्ये, विशेषतः फुकटच्या खात्यावर, ही निवड बहुधा आपल्या हाती नसते, म्हणून ज्यांना वर सांगितलेला कंपनी कायद्याचा नियम लागू आहे त्यांनी ते आधी लेखी विचारून घ्यावे.

आगीचा प्रश्न आपण अगदी योग्य विचारलात. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच या मोठ्या क्लाउड कंपनीचे एक डेटा सेंटर (यंत्रे ठेवण्याची इमारत) जळून खाक झाले, आणि ज्या गिऱ्हाइकांनी दुसऱ्या ठिकाणी प्रत ठेवली नव्हती त्यांतील अनेकांची माहिती कायमची गेली. इमारत, वीज आणि यंत्रे सांभाळणे कंपनीकडे असते; आपली माहिती, पासवर्ड आणि कोणाला काय पाहता येईल हे आपल्याकडे राहते. दुसरी प्रत कंपनी काढते की आपण, हे सेवेगणिक बदलते आणि करार न वाचणारा तिथेच फसतो.

इंटरनेटबाबत माझा सल्ला असा आहे की, रोजचे काम कार्यालयातील संगणकावरच चालू द्यावे आणि क्लाउडवर फक्त प्रत जावी. इंटरनेट अडखळले तर प्रत थोडी उशिरा पोहोचेल, परंतु बिल करायचे थांबणार नाही. पहिल्या वेळी मात्र धीर धरावा लागतो. समजा, डिझाइन ४० जीबीची आहेत आणि वर पाठवण्याचा वेग सेकंदाला २० मेगाबिट आहे, तर हिशेबाने साडेचार तास लागतात. जोडणी घेताना दाखवतात तो वेग बहुधा खाली उतरवण्याचा असतो, आणि त्यात बिट म्हणजे बाइटचा आठवा भाग असतो, हेही ध्यानात असू द्या.

आणखी एक घोटाळा टाळा. फोल्डर क्लाउडशी ‘सिंक’ केले म्हणजे प्रत निघाली, असा समज सर्रास आढळतो. सिंक आरशासारखे चालते. इकडे कोणी फाइल पुसली किंवा खंडणीखोर व्हायरसने ती कुलूपबंद केली तर तिकडेही तेच होते. म्हणून फाइलच्या जुन्या आवृत्त्या किती दिवस राखल्या जातात, हे पाहूनच सेवा निवडा.

कळफलक

एक अनुभव सांगते. आमच्या औषधाच्या दुकानाचे क्लाउड खाते आम्हाला संगणक विकणाऱ्याने स्वतःच्या ईमेलवर आणि स्वतःच्या मोबाइलवर उघडले होते. पुढे त्याच्याशी वाद झाला आणि आमचीच माहिती मिळवण्यासाठी आम्हाला दोन महिने त्याच्या विनवण्या कराव्या लागल्या. खाते मालकाच्या ईमेलवर असावे, दोन टप्प्यांची पडताळणी (पासवर्डनंतर विचारला जाणारा दुसरा संकेत) मालकाच्या फोनवर असावी आणि अडचणीच्या वेळचे राखीव संकेत कागदावर लिहून तिजोरीत ठेवावेत. कामावरच्या माणसाला वेगळा प्रवेश द्यावा, म्हणजे तो नोकरी सोडून गेला की तेवढाच बंद करता येतो.

फळाखडू

मी संगणकशास्त्र शिकवते, म्हणून भाचीबद्दल लिहिते. बी.कॉम. ही अडचण नसून उलट थोडी सोयच आहे, कारण क्लाउडचे बिल वाचता येणारी माणसे कमी मिळतात.

तिने प्रमाणपत्राच्या मागे लगेच धावू नये. पहिले दोन महिने लिनक्स या संगणक चालवणाऱ्या मोफत प्रणालीच्या मूलभूत आज्ञा आणि नेटवर्क यांना द्यावेत: आयपी पत्ता म्हणजे काय, डीएनएस नावावरून पत्ता कसा शोधते, पोर्ट उघडा असणे म्हणजे काय. हे न शिकता थेट क्लाउडच्या पडद्यावर बटणे दाबणारी मुले मी दरवर्षी पाहते, आणि पहिली चूक झाली की कुठे पाहावे हेच त्यांना कळत नाही. नंतर स्वतःच्या लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्ससारख्या मोफत साधनाने एक आभासी संगणक उभा करावा. सातरस्तेकर यांनी सांगितलेल्या सॉफ्टवेअरच्या भिंती तिथे प्रत्यक्ष दिसतात. एनपीटीईएल या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या मंचावर खरगपूरच्या आयआयटीचा क्लाउड कॉम्प्युटिंगचा अभ्यासक्रम आहे. त्यातील व्याख्याने इंग्रजीत असून मोफत पाहता येतात.

यानंतर एकच कंपनी निवडावी आणि तिच्या प्राथमिक परीक्षेचा विचार करावा. ॲमेझॉनची क्लाउड प्रॅक्टिशनर आणि मायक्रोसॉफ्टची एझेड-९०० या दोन्ही परीक्षांत प्रोग्रामिंग अपेक्षित नाही. अशा परीक्षेने नोकरी मिळते असे सांगणाऱ्या शिकवण्यांपासून दूर राहावे. परीक्षा फक्त शब्दसंग्रह पक्का करते. तिने स्वतः काहीतरी उभे करून दाखवावे, उदाहरणार्थ, मामांच्या टॉवेलांची चित्रे आणि मापे दाखवणारे एक साधे संकेतस्थळ.

मोफत वापराचे नियम वरचेवर बदलतात, म्हणून खाते उघडण्याच्या दिवशीच ते वाचावेत आणि सर्वांत आधी खर्चाची सूचना देणारा गजर लावावा. माझ्या एका विद्यार्थ्याने सरावासाठी सुरू केलेला संगणक बंद न करताच सुट्टी घेतली आणि परतल्यावर त्याच्यापुढे काही हजारांचे बिल आले. गजर बिल थांबवत नाही, फक्त कळवतो, हेही तिला सांगा.

मामांचा धंदा जॅकार्डचा आहे म्हणून एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. भोके पाडलेल्या कार्डांवरून माग चालवण्याची युक्ती जॅकार्ड या फ्रेंच माणसाने १८०४ साली व्यवहारात आणली, आणि पुढे जनगणनेची यंत्रे नि संगणक यांनी आपली माहिती अशाच कार्डांवर घेतली. या घरातल्या मुलीला संगणक परका वाटायचे कारण नाही.

टेरीटॉवेलवाला

सर्वांच्या सल्ल्याने काय केले ते कळवतो. गूगलची मोफत १५ जीबी जागा ईमेल आणि छायाचित्रांसह मोजली जाते, हे भाचीने दाखवून दिले. त्यामुळे डिझाइनसाठी महिन्याच्या भाड्याची जागा माझ्याच नावे घेतली. हिशेबाची प्रत रोज रात्री आठ वाजता आपोआप वर जाते आणि फाइलच्या मागील ३० दिवसांच्या आवृत्त्या राखल्या जातात. वहीखाते यांची शनिवारची डिस्कही सुरू केली आहे. कळफलकताईंनी सांगितलेले राखीव संकेत देव्हाऱ्याच्या खणात ठेवले आहेत, कारण आमच्या घरी तिजोरीपेक्षा तो खण जास्त वेळा उघडला जातो.

काल भाचीने तिच्या लॅपटॉपवर सगळे परत उतरवून पाहिले. हिशेब उघडला, डिझाइनही उघडली. कामगारांच्या हजेरीची फाइल मात्र उघडल्यावर नुसती अगम्य चिन्हे दिसली. मी घाबरलो, पण माझ्या जुन्या संगणकावर तीच फाइल व्यवस्थित दिसते.

सातरस्तेकर

काका, ती फाइल खराब झालेली नाही. हजेरी युनिकोडच्या (सगळ्या संगणकांवर अक्षरे सारखी दिसावीत म्हणून ठरवलेल्या संकेतांच्या) आधीच्या जुन्या मराठी फॉन्टमध्ये टंकलेली असणार. तो फॉन्ट भाचीच्या लॅपटॉपवर नसल्यामुळे त्यामागची इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे उघडी पडतात. जुना संगणक चालू आहे तोवर फॉन्टचे नाव पाहून मला कळवा, म्हणजे ती युनिकोडमध्ये कशी बदलायची ते सांगतो. तोपर्यंत त्या फाइलची पीडीएफ प्रत काढून तीही वर पाठवा.

टेरीटॉवेलवाला

फॉन्टचे नाव उद्या कारखान्यात गेल्यावर पाहून लिहितो.